घरभेटीच्या रजिस्टरमध्ये "एचई दिले" (हेल्थ एज्युकेशन, म्हणजे आरोग्याचा सल्ला) सोडून दुसरं काय लिहायचं? (नांदा, ओमाहा वगैरे कुणी खरंच वापरलंय का)

उपकेंद्रवाली

नमस्कार सगळ्यांना. मी बीएससी नर्सिंग, आता तीन वर्षं झाली सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) म्हणून मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रावर आहे. प्रश्न थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या गावात एक आजी आहेत, अडुसष्ट वय, शुगर आणि बीपी दोन्ही. परवा त्यांच्याकडे जायच्या आधी सहज रजिस्टर मागे चाळलं. आठ महिन्यांत सहा भेटी. तीन एएनएम (उपकेंद्राच्या नर्स) ताईंच्या, दोन माझ्या, एक मी रजेवर असताना आलेल्या मॅडमची. सहाच्या सहा ठिकाणी एकच ओळ, "एचई दिले. गोळ्या नियमित घेण्याचा सल्ला दिला." आणि शेजारी शुगर २४०, २६२, २३८, २७१, २५५, २८६. माझ्याच अक्षरातल्या दोन ओळी बघून मला कसंतरीच झालं.

मग यावेळी सल्ला दिलाच नाही, ओसरीवर बसले आणि म्हटलं आजी गोळ्या दाखवा. त्यांनी कमरेची चंची सोडली, त्यात सुपारी, कात, आणि अडकित्त्यानं अर्ध्या केलेल्या मेटफॉर्मिनच्या, म्हणजे शुगरच्या गोळ्या!! विचारलं तर म्हणाल्या, "मला समदं ठावं हाय बाई, जेवताना घ्यायची, दोन टायमाला घ्यायची. पर पोरगा अन् सून गेलेत ऊसतोडीला, दिवाळीनंतर गेलेले आता उन्हाळ्यालाच येत्याल. एवढ्या लांब कोण जातंय आणायला, माझं गुडघं चालत न्हाईत. म्हून पुरवून पुरवून खाते." म्हणजे एक महिन्याच्या गोळ्या आजी दोन महिने पुरवत होत्या आणि आम्ही सहा वेळा त्यांना जे आधीच पाठ होतं तेच सांगून आलो.

तर प्रश्न असा की लिहायची अशी काही पद्धत आहे का की पुढच्या माणसाला बघताक्षणी कळेल अडचण नेमकी कुठे आहे? कॉलेजला केअर प्लॅनमध्ये नांदा (नर्सनं करायच्या निदानांची ठरलेली यादी) लिहायचो, "रिलेटेड टू अमुक ॲज एव्हिडन्स्ड बाय तमुक", ती फाईल बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवली आणि संपलं, नोकरी लागल्यापासून एकदाही लिहिलं नाही. आमच्या एक मॅडम म्हणायच्या की कम्युनिटीसाठी ओमाहा सिस्टिम म्हणून वेगळं असतं. कुणी वापरलंय का? की ते पण परीक्षेपुरतंच?

कम्युनिटीची_टीचर

छान प्रश्न, आणि चंचीची गोष्ट उद्या वर्गात सांगणार आहे, चालेल ना.

नांदा मी स्वतः पंधरा वर्षं शिकवतेय, त्यामुळे तिला शिव्या देणार नाही. १९७३ ला अमेरिकेत सेंट लुईसला पहिली परिषद झाली आणि नर्स जे बघते त्याला डॉक्टरच्या निदानापेक्षा वेगळं नाव हवं हा विचार तिथून पुढे आला. पण माझा अनुभव असा की कॉटवरच्या पेशंटला ती जशी बसते तशी ओसरीवरच्या माणसाला बसत नाही. मुलं मग काहीही झालं की "डेफिशिएंट नॉलेज" (माहिती कमी आहे) लिहून मोकळी होतात. तुमच्या आजींना पण कुणीतरी हेच लिहिलं असतं बघा, आणि ते चूक ठरलं असतं.

ओमाहा घरभेटी करणाऱ्या नर्सेसनीच बनवलेली आहे. नेब्रास्का राज्यात ओमाहा नावाचं शहर आहे, तिथल्या व्हिजिटिंग नर्स असोसिएशनमध्ये सत्तरच्या दशकात हे काम सुरू झालं, कॅरन मार्टिन हे नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलंय. तीन भाग आहेत. पहिला प्रॉब्लेमची यादी, एकूण ४२, चार गटांत. दुसरा आपण काय केलं त्याची यादी. तिसरा म्हणजे मार्क, आणि तुमचं उत्तर तिथेच आहे.

प्रत्येक प्रॉब्लेमला तीन वेगवेगळे मार्क द्यायचे, १ ते ५. नॉलेज म्हणजे माणसाला किती माहितीय, बिहेवियर म्हणजे तो प्रत्यक्षात काय करतो, स्टेटस म्हणजे त्रास किती आहे. १ सगळ्यात वाईट, ५ सगळ्यात चांगलं. आता तुमच्या आजी घ्या. प्रॉब्लेम "मेडिकेशन रेजिमेन" (गोळ्या-औषधं ठरल्याप्रमाणे घेणं), नॉलेज ४, बिहेवियर २, स्टेटस २. चार-दोन-दोन एवढंच रजिस्टरला असतं तर सातव्या भेटीची वाट बघावी लागली नसती, दुसऱ्याच भेटीला कुणीतरी म्हणालं असतं की बाईला माहिती आहे तरी करत नाही, म्हणजे मध्ये काहीतरी अडतंय.

आणि दुसरा भाग पण बघा. नर्स जे जे करते ते चार खणांत जातं. टीचिंग-गायडन्स-कौन्सेलिंग, ट्रीटमेंट आणि प्रोसिजर, केस मॅनेजमेंट, आणि सर्व्हेलन्स म्हणजे लक्ष ठेवणं. तुमच्या सहाही भेटी टीचिंगच्या. आजींना टीचिंग नकोच होतं, गोळ्या घरी पोचवायची सोय हवी होती, ते केस मॅनेजमेंट. "एचई दिले" मध्ये हा फरकच दिसत नाही.

गटप्रवर्तक_२

सगळं वाचलं, पटलं पण. तरी एक बोलते, राग मानू नका.

आमच्या ताईंकडे आत्ता किती ॲप आहेत मोजा. आरसीएच, एनसीडी, निक्षय, यू-विन, आभा कार्ड काढा, ई-संजीवनीचे कॉल करा, आणि त्याशिवाय कागदाची रजिस्टरं आहेतच कारण वरून कुणी आलं की ऑनलाइन नाही बघत, रजिस्टर दाखवा म्हणतात. आशा ताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (शुगर, बीपी अशा आजारांचा धोका बघायचा) भरतात, त्यात मार्क आहेतच, ४ च्या वर गेला की आधी तपासणीला पाठवायचा. पुढे त्याचं काय झालं हे भरणाऱ्या आशाला कुणी सांगत नाही. आता त्यात अजून तीन मार्क?

दुसरं म्हणजे हे मार्क उद्या इन्सेंटिव्हला जोडले की बघा मजा. सगळ्या जिल्ह्याचं बिहेवियर ५ होईल एका महिन्यात. मी वीस-बावीस आशांचं काम बघते, जिथे आकड्यावर पैसे आहेत तिथे आकडा कसा सुधारतो ते मला माहितीय.

मिनेसोटाकर_सातारची

मी मूळची सातारची, गेली नऊ वर्षं मिनेसोटात एका काउंटीच्या पब्लिक हेल्थमध्ये घरभेटींचं काम करते, जास्त करून बाळंतिणी आणि तान्ही बाळं. आमच्याकडे बऱ्याच काउंट्यांमध्ये ओमाहाच चालतं, त्यामुळे रोज तेच भरते, उणे वीसमध्ये गाडीत बसून पण भरलंय 😅

टीचर मॅडमनी बरोबर सांगितलंय. मला त्यात सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच आहे. त्या ४२ मध्ये पहिला गट एन्व्हायर्नमेंटचा, त्यात चार प्रॉब्लेम, इन्कम, सॅनिटेशन, रेसिडेन्स आणि शेजार किंवा कामाची जागा सुरक्षित आहे का. म्हणजे घरात पैसा नाही हा नर्सनं नोंदवायचा प्रॉब्लेम आहे, "शेरा" मध्ये बारीक अक्षरात लिहायचा नाही. साताऱ्यात शिकत असताना कम्युनिटी पोस्टिंगला फॅमिली फोल्डर भरायचो त्यात उत्पन्नाचा रकाना असायचाच, पण तो भरला की विषय संपला, त्यावर पुढे काही करायचं असतं हे कुणी शिकवलंच नाही. इथे इन्कम लिहिलं की काय केलं तेही लिहावं लागतं आणि पुढच्या भेटीला मार्क पण द्यावे लागतात.

आणि प्रॉब्लेम म्हणजे दरवेळी आजारच पाहिजे असंही नाही. आत्ता त्रास आहे, की होण्याची शक्यता आहे, की नुसतं चांगलं आहे ते टिकवायचंय, असे तीन प्रकार असतात. शिवाय तो एका माणसाचा आहे, कुटुंबाचा आहे की अख्ख्या वस्तीचा तेही लिहितात. तुमच्या आजींच्या बाबतीत मी तर म्हणेन की ऊसतोडीला जाणाऱ्या सगळ्या घरांमागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा हा वस्तीचाच प्रॉब्लेम आहे, एकट्या आजींचा नसणार. बघा शोधून.

गटप्रवर्तक ताई, तुमचं पैशाचं म्हणणं शंभर टक्के खरंय. आमच्याकडे पण वरचे लोक आकडे बघतात तेव्हा हात थरथरतो. आणि माझी स्वतःची चूक सांगते, पहिले काही महिने मी सगळ्यांना ३ देत होते. तीन दिला की कुणी काही विचारत नाही ना. मग आमच्या सुपरवायझरनी एकच केस सात जणींना वाचायला दिली आणि मार्क द्यायला लावले, एकीचे २ तर एकीचे ४! त्यावर भांडलो तासभर. ते भांडण झाल्यावर कुठे मला २ आणि ३ मधला फरक कळला. पुस्तकात वाचून नाही कळत.

अजून एक, कामाची गोष्ट. ओमाहाचे शब्द, व्याख्या, कोड सगळं पब्लिक डोमेनमध्ये आहे, वापरायला पैसे नाहीत. नांदा सॉफ्टवेअरमध्ये घालायची तर लायसन्स लागतं. नेदरलँड्समध्ये ब्यूर्तझोर्ग म्हणून घरी जाऊन सेवा देणाऱ्या नर्सेसची मोठी संस्था आहे, दहा-बारा जणींची टीम, वर साहेब नाही, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पण ओमाहाच आहे.

उपकेंद्रवाली

बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. टीचर मॅडम, गोष्ट सांगा खुशाल, फक्त गावाचं नाव नको.

गटप्रवर्तक ताई मी तुमच्याच बाजूची आहे हो, नवीन ॲप आलं तर मी पण रडेन. मी फक्त माझ्या वहीत करायचं म्हणतेय. पण एक शंका, आपल्याकडे लोक जे सांगतात ते या ४२ मध्ये बसतं का? आमच्याकडे बाई येते आणि म्हणते "अंगात कणकण आहे, गळून गेल्यासारखं होतंय, हातापायाला मुंग्या येतात आणि सासूला वाटतं बाहेरचं लागलंय". हे कुठे टाकू?

जुनी_एलएचव्ही

पोरी, हे विचारलंस ते बरं केलंस. मी एएनएम म्हणून लागले, एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर, एएनएमची सुपरवायझर) होऊन रिटायर झाले, विदर्भात आणि मेळघाटच्या बाजूला नोकरी गेली सगळी. ओमाहा बिमाहा आम्हाला कुणी शिकवलं नाही पण ठरलेल्या शब्दाची ताकद काय असते ते मी डोळ्यानं बघितलंय म्हणून लिहिते.

आमच्या वेळी अंगणवाडीत पोरांचे कुपोषणाचे ग्रेड असायचे, १ ते ४. ग्रेड तीन-चारचं पोर म्हणजे धावपळ. मग २००६ ला डब्ल्यूएचओचे मुलांच्या वाढीचे नवे तक्ते आले, नंतर ते आपल्याकडे लागू झाले आणि सॅम-मॅम (अतितीव्र आणि मध्यम कुपोषण) आलं. पहिल्यांदा आम्ही कुरकुरलो, हे काय नवीन. पण दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे सॅम, हे एकदा डोक्यात बसल्यावर नंदुरबारची सेविका असो की गडचिरोलीची, फोनवर "११.२ आहे" म्हटलं की पलीकडचा माणूस समजायचा, जास्त बोलावं लागायचं नाही. त्याच्या आधी आई म्हणायची पोराला मुडदूस झालाय, सेविका लिहायची अशक्त, डॉक्टर लिहायचे आणखी काहीतरी, आणि पोर तिघांच्या कागदात तीन वेगळी पोरं होऊन बसायचं. तेव्हा शब्द ठरलेला असावा याच्या मी बाजूची आहे.

पण पोरी, बाईचा शब्द पुसू नको. डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या होत्या, १९८९ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं ते, शंभरातल्या ब्याण्णव बायकांना काही ना काही बाईपणाचा आजार निघाला आणि त्यातल्या बहुतेकींना आधी कुणी कधी तपासलंच नव्हतं. का नव्हतं? कारण बाई "व्हाईट डिस्चार्ज" म्हणून येत नाही. ती म्हणते कंबर दुखते, डोकं जड आहे, गळाठा आलाय, आणि उठून जाता जाता दाराशी थांबून हळूच म्हणते "अंगावर पांढरं जातंय". हे दाराशी थांबणं ज्या नर्सला कळत नाही तिनं ४२ काय ४२० प्रॉब्लेम पाठ केले तरी उपयोग शून्य.

म्हणून मी काय करायची, रजिस्टरला डावीकडे तिचा शब्द जसाच्या तसा आणि उजवीकडे आपला शब्द. "बाहेरचं लागलंय" डावीकडे. मुंग्या आणि गळून जाणं आहे तर हिमोग्लोबिन बघ, जेवण विचार, आणि मग उजवीकडे काय यायचं ते येईल. सासूला काय वाटतं ते पण लिही, पुढच्या वेळी सासूशी बोलायचं असतं आपल्याला.

कोडवाला_पुणे

मी नर्स नाही, आरोग्याचे सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझं वेगळं.

एलएचव्ही मावशींनी डावी-उजवी बाजू सांगितली ते सॉफ्टवेअरवाल्यांनी ऐकायला हवं. आम्ही काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी घरभेटीचं ॲप केलं होतं (नाव नको), त्यात सगळं ड्रॉपडाऊन, मोकळं लिहायला जागाच ठेवली नाही, म्हटलं डेटा स्वच्छ येईल. वर्षाच्या शेवटी बघितलं तर त्या भागातला सगळ्यात मोठा आजार निघाला "इतर". दुसऱ्या नंबरला यादीतला पहिला पर्याय, कारण अंगठा तिथेच पडतो. चूक आमची होती, ताईंची नाही. संध्याकाळी साडेसातला रेंज आली की बसून चाळीस एन्ट्र्या करणारं माणूस दुसरं काय करणार.

टर्मिनॉलॉजीचं म्हणाल तर सरकारी पातळीवर स्नोमेड सीटी (आजार, तपासण्या, उपचार यांच्या ठरलेल्या शब्दांची आणि कोडची जागतिक यादी) ठरलेलं आहे. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे म्हणून इथे वापरायला फी नाही, आणि त्याचं नॅशनल रिलीज सेंटर आपल्या पुण्यातच सी-डॅककडे आहे. ओमाहाचे शब्द स्नोमेडला जोडलेले आहेत, म्हणजे तुम्ही वहीत ओमाहाप्रमाणे लिहीत राहिलात आणि उद्या कुणी शहाण्यानं ते कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं ठरवलं तर वाया जाणार नाही. "एचई दिले" ला मात्र कुठलाच कोड वाचवू शकत नाही.

ऊसतोडीचा विषय निघाला म्हणून, खरा उपयोग तिथे आहे असं मला वाटतं. गरोदर बाई बीडहून निघते, कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात फडावर जाते, तिथल्या नर्सला ती नवीनच. माता बाल संरक्षण कार्ड सोबत असलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन, हिमोग्लोबिन, वजन कळतं, पण मागच्या नर्सनं काय काय करून बघितलं आणि काय चाललं नाही हे कार्डावर कुठेच नसतं. ते दोन-तीन ठरलेल्या शब्दांत आणि तीन आकड्यांत असतं तर कन्नड नर्सला पण वाचता आलं असतं.

गटप्रवर्तक_२

कोडवाले दादा, साडेसातला नाही, नऊला येते रेंज. बाकी बरोबर.

उपकेंद्रवाली ताई, वहीत करणार असाल तर माझ्या दोन आशांना पण दाखवा कसं करता ते. बघू तरी.

उपकेंद्रवाली

पाच आठवड्यांनी लिहितेय, मध्ये मोहीम होती.

४२ पैकी मी फक्त सात घेतले, आमच्या गावाला रोज लागणारे. गोळ्या, खाणंपिणं, गरोदरपण, बाळंतपणानंतरचं, मुलांचं संगोपन, पैसा, आणि दुखणं. वहीच्या एका पानावर एक घर. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आपला, खाली तीन मार्क आणि मी काय केलं त्याचं एक अक्षर, शि, उ, सो किंवा ल. शिकवलं, उपचार, सोय, लक्ष. पहिल्या आठवड्यातच दिसलं की माझ्या पानांवर नुसतं शि शि शि. लाज वाटली आणि हसू पण आलं.

आजींचं सांगते. आशा ताई नवीन बाळाच्या भेटींना त्या वस्तीवर जातातच, त्यांच्याकडे गोळ्या द्यायला सुरुवात केली. मिनेसोटावाल्या ताईंनी सांगितलं म्हणून मागे राहिलेले म्हातारे शोधले, तर त्याच वस्तीवर अजून चार जण निघाले, त्यातले दोघं तर गोळ्या बंदच करून बसलेले. आजींचा अडकित्ता आता फक्त सुपारीला आहे. नॉलेज ४ होतं ते ४, बिहेवियर २ चं ४ झालं. शुगर मात्र २१८, म्हणजे स्टेटस २ वरून फार तर ३ म्हणू, एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांना दाखवून डोस बघायचाय. गुडघे हा नवीन प्रॉब्लेम लिहिला, त्याचं काय करायचं ते अजून माहीत नाही.

घोळ एकच झाला. मी आजींना समजावून सांगायला गेले की मी तुम्हाला तीन मार्क देते, एक माहितीचा, एक वागणुकीचा... तर एकदम ताठ बसल्या. "वागणुकीचा? का गं, माझ्या वागणुकीला काय झालं? गावात इचार कुणाला बी!" दहा मिनिटं लागली समजूत काढायला. कॉलेजात वर्तन शब्द वापरतो आपण, तो तर अजूनच भयंकर वाटेल. तर बिहेवियरला साधा शब्द सुचवा कुणीतरी.

जुनी_एलएचव्ही

हा हा हा. आजींचं बरोबर आहे, बाईच्या वागणुकीला मार्क देणारी तू कोण 😄

ठाऊक, करते, तब्येत. एवढंच लिही. ठाऊक ४, करते ४, तब्येत ३. पुरुष असला तर करतो.

उपकेंद्रवाली

लिहिलं. मंगळवारी ग्राम आरोग्य पोषण दिवस आहे, एएनएम ताई आणि मी एकाच बाळंतिणीला एकमेकींचं न बघता मार्क देणार आहोत, गटप्रवर्तक ताईंच्या दोन आशा पण येतायत. किती फरक पडतो ते टाकते इथे. भांडण होणार हे नक्की.